पॅनमन निवृत्त होतायत. त्यांच्या हातातलं काम पुढच्या पोरांपर्यंत कसं पोचवायचं?

साखर-केमिस्ट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब इनचार्ज आहे. प्रश्न लांब आहे, पण तपशील दिल्याशिवाय उपयोगी उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या पॅन स्टेशनवरचे तीन सर्वांत जुने पॅनमन येत्या दोन हंगामांत निवृत्त होतायत. ज्यांचा साखर कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उसाचा रस साफ करून आटवला की साधारण ६० ब्रिक्सचं, म्हणजे शंभर भागांत साठ भाग विरघळलेला घन माल असलेलं, सिरप होतं. ते व्हॅक्यूम पॅनमध्ये घेऊन २५-२६ इंच व्हॅक्यूमखाली उकळत ठेवतात. व्हॅक्यूममुळे ते ६०-७० अंशांनाच उकळतं आणि साखर करपत नाही. तिथे दाणा धरतो, वाढतो आणि शेवटी मॅसेक्विट, म्हणजे दाणा आणि पाकाचं घट्ट मिश्रण, म्हणून खाली सोडला जातो. दाणा कधी धरायचा, किती धरायचा, आणि तो वाढत असताना मध्येच नवा बारीक दाणा, म्हणजे फॉल्स ग्रेन, कसा येऊ द्यायचा नाही, हे सगळं पॅनमनच्या हातात. सिरप जरा जास्त घट्ट झालं की फॉल्स ग्रेन आलाच. मग पाणी देऊन तो विरघळवायचा. वाफ गेली, वेळ गेला. नाही विरघळवला तर दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्राच्या जाळीतून बारीक दाणा मळीत उतरतो आणि साखरच जाते. मी लॅबमध्ये मळीची प्युरिटी, म्हणजे तिच्यातल्या विरघळलेल्या घटकांत साखरेचा वाटा, काढते तेव्हा पॅनवर कोणाची पाळी होती ते मला बऱ्याचदा आकड्यावरून ओळखू येतं.

आमचे हेड पॅनमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, प्रूफ स्टिकने नमुना काढून काचपट्टीवर घेतात आणि दिव्यासमोर तिरका धरून बघतात. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब ओढून तार बघतात, घरी पाकाची बघतात तशीच, फक्त इथे भांड्यात साठ टन माल असतो. साइट ग्लासवर उडालेले थेंब खाली कसे ओघळतात तेही त्यांच्या नजरेत असतं. ब्रिक्स मीटर आहे, कंट्रोल रूममध्ये ट्रेंड दिसतो. मामा तोही बघतात, पण सगळ्यात शेवटी.

गेल्या हंगामात फडाला आग लागलेला ऊस आला, तोडणीला आणि कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत यायला उशीर झालेला. असा ऊस शिळा झाला की जिवाणूंमुळे त्यात डेक्स्ट्रान तयार होतं, सिरप चिकट होतं आणि दाणा चौकोनी न राहता लांबट वाढतो. लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात यायच्या आधी मामा पट्टी बघून म्हणाले, "मॅडम, ह्यो जळक्याचा माल हाय. दाणा लांबाय लागलाय. ह्याला सावकाश घ्यायला लागंल." त्यांनी सिरप घ्यायचा वेग कमी केला, मध्ये मध्ये पाणी दिलं आणि स्ट्राइक, म्हणजे पॅनची एक पूर्ण बॅच, नीट उतरवली. शेजारच्या पॅनवर तरुण ऑपरेटर तेच सिरप नेहमीच्या वेगाने घेत होता. तिथे फॉल्स ग्रेन आला. हा मुलगा हुशार आहे, केमिस्ट्रीत पदवीधर आहे, डेक्स्ट्रानबद्दल परीक्षेत माझ्याइतकंच लिहील. पण त्याला ते पट्टीवर दिसलं नाही.

व्यवस्थापनाने या सगळ्यावर उपाय म्हणून एक एलएमएस, म्हणजे ऑनलाइन शिकवणीचं सॉफ्टवेअर, घेतलं. एसओपीच्या, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीच्या, पीडीएफ, अर्ध्या तासाचे व्हिडिओ, शेवटी पर्यायी प्रश्न, गुणांचा लीडरबोर्ड. ऑफ-सीझनला सगळ्यांनी सगळे कोर्स पूर्ण केले. संचालक मंडळापुढे रिपोर्ट गेला. बॉयलर पेटला, मोळी पडली, हंगाम सुरू झाला, आणि त्यानंतर ते अॅप पॅन फ्लोअरवर कुणी उघडलं नाही. उघडणार तरी कसं? हात चिकट, वाफेची उष्णता, आवाज, आणि समोर पॅन थांबत नाही.

व्हिडिओचा अनुभव मुद्दाम सांगते, कारण माझा प्रश्न तिथेच आहे. मामांना गेस्ट हाऊसमध्ये स्वच्छ कपड्यांत बसवून ग्रेनिंगवर, म्हणजे दाणा धरण्यावर, बोलायला लावलं. ते पाठ केल्यासारखं बोलले: इतकं सिरप घ्यावे, इतका व्हॅक्यूम ठेवावा, ब्रिक्स इतका झाल्यावर स्लरी (दाणा धरायला सोडतात ती बारीक साखरेची पेस्ट) सोडावी. एक शब्द चुकीचा नव्हता. पण त्याच संध्याकाळी पॅनवर मी त्यांना बघितलं तर त्यांनी स्लरी सोडायच्या आधी चक्क थांबून घेतलं, दोनदा पट्टी बघितली आणि वाफ किंचित कमी केली. मी विचारलं, "मामा, हे तुम्ही व्हिडिओत का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तितं पॅन कुटं हुता?"

आणखी एक गोष्ट. साखर ए, बी, सी अशा टप्प्यांत काढतात. बी-हेवी म्हणजे बी टप्प्यानंतरची, बरीच साखर उरलेली मळी, आणि सी-मॅसेक्विट म्हणजे तिच्यातून शेवटची साखर काढायचा टप्पा. बी-हेवी मळीपासून इथेनॉल सुरू झाल्यावर आम्ही सलग काही हंगाम सी-मॅसेक्विट जवळपास केलंच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली, बी-हेवीवरही मर्यादा आली, आणि आम्हाला परत सी-कडे वळावं लागलं. तेव्हा लक्षात आलं की नंतर लागलेल्या पोरांनी सीचं ग्रेनिंग डोळ्यांनी बघितलेलंच नाही. एसओपी होती. शब्दनशब्द होती. सगळा भार पुन्हा त्या तीन म्हाताऱ्या माणसांवर आला.

"ऑटोमेशन करा" असं कृपया कुणी सांगू नका. कंटिन्युअस पॅन आमच्याकडे आहे, पण त्यालाही लागणारा दाणा बॅच पॅनवरच करावा लागतो.

तर विचारायचं आहे ते असं. हे जे नजरेतलं आणि बोटातलं आहे ते टिकवायला तंत्रज्ञानाची खरोखर मदत होते का, आणि कुठे होते? तुमच्या संस्थेत असं काही जमलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा. मोठं बजेट नाही. फोन आहेत, लॅबमध्ये यूएसबी मायक्रोस्कोप आहे, आणि येता एक हंगाम हातात आहे. तिघांची पद्धतही एकसारखी नाही, कोणाची "बरोबर" म्हणून नोंदवायची हाही प्रश्न आहेच.

---

हिंजवडीकर

ताई, आयटी कंपनीत नॉलेज मॅनेजमेंटच्या टीममध्ये आहे. लीडरबोर्ड वाचलं आणि लिहायला बसलो.

गुणांच्या मागे लागू नका. आमच्या क्षेत्रात इन्फोसिसचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी केशॉप नावाचं अंतर्गत पोर्टल केलं आणि त्यात लेख टाकणाऱ्यांना, तपासणाऱ्यांना 'नॉलेज करन्सी युनिट' द्यायला सुरुवात केली, ज्यांचं पुढे बक्षीस मिळायचं. लेखांचा पूर आला. आपलं प्रोजेक्ट सांभाळून तपासणी करणारे तज्ज्ञ थकले, आणि शोधणाऱ्याला चांगलं काय ते सापडेना. गरुड आणि कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली 'एमआयएस क्वार्टरली'त हे सविस्तर मांडलंय. कंपनीने नंतर योजना बदलली, बक्षिसाचा जोर कमी केला आणि वाचणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोग झाला का याला महत्त्व दिलं. ज्या कंपनीत सगळेच दिवसभर संगणकासमोर बसतात तिथली ही गोष्ट. पॅन फ्लोअरवर तर गुणांसाठी भरलेली माहिती आणखी निरुपयोगी ठरेल.

दुसरं उदाहरण तुमच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ अण्वस्त्रात फॉगबँक या सांकेतिक नावाचा एक पदार्थ लागतो. टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ कारखान्यात १९७५ ते १९८९ या काळात तो तयार व्हायचा. पुढे शस्त्रांचं नूतनीकरण करायचं ठरलं तेव्हा नोंदी अपुऱ्या निघाल्या आणि तो करणारी माणसं निवृत्त झालेली. नवीन प्लांट उभारला, जुनी प्रक्रिया जमेल तशी पुन्हा बसवली, तरी माल हवा तसा होईना. बऱ्याच शोधानंतर कळलं की जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, नव्या शुद्धीकरणात ती निघून जात होती, आणि पदार्थाला नेमकी तीच लागत होती. हे जुन्या लोकांनाही माहीत नव्हतं!

म्हणजे मामांना जे सांगता येत नाही ते एक, आणि मामांना स्वतःलाच ठाऊक नाही ते दुसरं. दुसऱ्या प्रकारासाठी त्यांची मुलाखत कितीही घ्या, निघणार नाही. त्यासाठी त्या वेळची परिस्थिती नोंदवायला हवी. काचपट्टीच्या प्रत्येक फोटोबरोबर सिरपची प्युरिटी, पीएच, ब्रिक्स, व्हॅक्यूम, ऊस कोणत्या गटातून आला, जात कोणती, तोडून किती वेळ झाला हे सगळं जोडलेलं असू दे. हे आकडे तुमच्या लॅबमध्ये आणि ऊस उतरवायच्या केनयार्डच्या रजिस्टरमध्ये आधीच आहेत, फक्त फोटोशी त्यांची गाठ पडलेली नाही. हे काम संगणक छान करतो. पुढच्या पाच हंगामांनी कुणीतरी त्यातून असं काही शोधेल जे आज कुणालाच दिसत नाही.

---

कॉपियर_दुरुस्तीवाला

मी मुंबईत फोटोकॉपी मशीनच्या दुरुस्तीत आयुष्य काढलं, आता निवृत्त. "तितं पॅन कुटं हुता" हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. आमच्या धंद्यात अगदी हेच होतं. ऑफिसात बसून मला विचारा, मी मॅन्युअल म्हणून दाखवीन. मशीनचं झाकण उघडलं की मी वेगळाच माणूस असतो.

झेरॉक्स कंपनीने यावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात त्यांच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून बघितलं की ही माणसं काम शिकतात कशी. कंपनीने त्यांना पायरी-पायरीचं मॅन्युअल दिलं होतं: हा एरर आला तर हे करा, तो आला तर ते करा. अवघड मशीन समोर आलं की ते मॅन्युअल पुरायचं नाही. तंत्रज्ञ एकमेकांना किस्से सांगायचे, नाश्त्याच्या टेबलावर, जेवताना, बिघडलेल्या मशीनसमोर उभं राहून. "अमक्या ऑफिसातल्या मशीनने मला असंच दमवलं होतं" इथून सुरुवात, आणि त्या किश्श्यात निदान लपलेलं. ऑरचं पुस्तक १९९६ साली आलं.

त्यातून पुढे युरेका नावाची प्रणाली निघाली, आधी फ्रान्समध्ये वापरात आली. तंत्रज्ञाने स्वतःच्या अनुभवातली युक्ती लिहायची, त्याच कामातल्या जाणकारांनी ती तपासायची, आणि पटली तर सगळ्यांना खुली करायची. बक्षीस काय द्यायचं यावर चर्चा झाली तेव्हा तंत्रज्ञांना पैशापेक्षा आपलं नाव त्या युक्तीवर असावं हे जास्त हवं होतं. वरच्या हिंजवडीकरांच्या उदाहरणाशेजारी हे ठेवून बघा.

तुमच्या तिघांच्या पद्धती वेगळ्या आहेत तर तिन्ही ठेवा, ज्याच्या त्याच्या नावाने. कोणाची बरोबर हे कार्यालयाने ठरवायच्या भानगडीत पडू नये. "जळका ऊस आला तर मामा असं करतात, दुसऱ्या पाळीचे अमुक असं करतात आणि कारण हे सांगतात." शिकणाऱ्या पोराला या दोघांमधला फरकच सगळ्यात जास्त शिकवेल. माझ्या दोन वरिष्ठांचं मशीनच्या फ्यूजर नावाच्या एका भागावरून कधीच पटलं नाही, आणि त्यांच्या वादातून मी जितकं शिकलो तितकं कुठल्याही ट्रेनिंगमधून नाही.

आणि नेहमीच्या दिवसाचं रेकॉर्डिंग करू नका. बिघडलेल्या दिवसाचं करा.

---

पॅनवरचा

मॅडम नमस्कार. मी पॅन इनचार्ज आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. वडील पण पॅनमन होते. वरच्या दोघा साहेबांनी चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही ती मी बोलतो.

मामांनी का सांगायचं?

पॅनमनचं सगळं आयुष्य हंगामी. सहा महिने काम, उरलेल्या दिवसांत रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळात मिळणाऱ्या कमी पगारावर, घर चालवायचं. त्याच्याकडे जमीन थोडी, शिक्षण थोडं, पण पॅनवर त्याच्याशिवाय पान हलत नाही हे त्याला माहीत असतं आणि शेती खात्यापासून कार्यकारी संचालकांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तेवढाच त्याचा मान. तुम्ही मोबाइल घेऊन जाता आणि म्हणता, मामा, हे कसं ओळखलं सांगा, रेकॉर्ड करते. त्याच्या मनात पहिलं काय येणार? एकदा सगळं ह्या डबीत भरून घेतलं की मला कोण विचारणार. माझ्या वडिलांना एका कारखान्यात असंच झालं. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्याकडून दोन पोरं तयार करून घेतली, आणि पुढच्या हंगामाच्या मोळी पूजनाचं साधं निमंत्रण पण आलं नाही. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांना ते लागलं होतं. म्हणून सांगतो, आधी मामांचं ठरवा. निवृत्तीनंतर दोन हंगाम शिकवायला म्हणून करारावर घ्या, ऑफ-सीझनला पूर्ण पगार द्या, आणि ते लेखी द्या. बऱ्याच कारखान्यात निवृत्त पॅनमनला परत बोलावतात, पण ते गाडी अडली की मग. आधी ठरवून बोलावणं वेगळं.

आता कामाचं. मी पुण्याजवळ मांजरीला व्हीएसआयमध्ये, म्हणजे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये, कोर्स केला. मेटास्टेबल झोन (असलेला दाणा वाढतो, नवा येत नाही), लेबाइल झोन (नवा दाणा आपोआप येतो), सुपरसॅच्युरेशन (विरघळू शकते त्यापेक्षा जास्त साखर पाकात असणं), सगळं तिथं कळलं आणि फार उपयोग झाला, ते कोर्स वाया नसतात. वडिलांना ही नावं माहीत नव्हती. पण त्या मेटास्टेबल पट्ट्यात पॅन कसा ठेवायचा हे त्यांच्या हाताला माहीत होतं. मला दोन्ही मिळालं म्हणून मी आज पॅन चालवतो. वडील मला फीडचा व्हॉल्व्ह धरायला द्यायचे, स्वतः मागं उभं राहायचे आणि गप्प बसायचे. मी विचारलं "आता बंद करू का?" तर म्हणायचे, "तूच सांग." मी बंद केला की मग बोलायचे, लवकर केलास का उशिरा. आधी कधीच नाही. तेव्हा राग यायचा. पण शिकलो ते तसंच.

आजकालची पोरं पहिल्या दिवसापासून कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसतात. एसी आहे, खुर्ची आहे. त्यांची चूक नाही, त्यांना तिथंच बसवलंय. पहिला हंगाम ग्रेनिंग पॅनवर उभं करा, मग स्क्रीन द्या.

---

शिकवते_मी

मी कारखान्यांसाठी प्रशिक्षणाची आखणी करते, बहुतेक वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांसाठी. पॅनवरचा दादांनी वडिलांबद्दल लिहिलंय त्याच्या पलीकडे मला फार काही सांगायचं नाही. "आधी तूच सांग, मग मी बोलतो." याच्यामागे संशोधनाचा आधार आहे तेवढा फक्त देते, व्यवस्थापनाला दाखवायला उपयोगी पडेल.

रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने ते पुन्हा वाचले, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. तुमच्या एलएमएसमध्ये व्हिडिओ संपताक्षणी प्रश्न विचारतात, म्हणजे नेमकं फसवं मोजमाप. त्या मिनिटाला सगळ्यांना सगळं येतं. ऑफ-सीझनला शंभर टक्के आणि हंगामात शून्य, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहिते. पॅनवरच्या बाकावर यूएसबी मायक्रोस्कोप आणि एक जुना फोन, एवढंच. प्रत्येक नमुन्याला शिकणारा मुलगा पट्टीचा फोटो घेईल आणि मामांनी बघायच्या आधी फोनमध्ये तीनच गोष्टी बोलेल: दाणा पुरेसा धरलाय का, फॉल्स ग्रेन आहे का, आणि पुढच्या दहा मिनिटांत मी काय करणार. बोलायचं, टाइप करायचं नाही. त्यानंतर मामा तीच पट्टी बघून आपलं बोलतील, त्यांच्या भाषेत, जसं येईल तसं. दोघांचं जमलं तर पुढे चला, ती नोंद कुणी ऐकली नाही तरी चालेल. जिथे दोघांचं वेगळं पडलं ते तुमचं सोनं. तेवढेच निवडून आठवड्यातून एकदा पाळी बदलताना सगळ्यांनी बघायचे, मामांना मध्ये बसवून. अमेरिकी लष्करात सरावानंतर बसून चार प्रश्न विचारतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. तुम्हाला तेवढे पुरतात.

ऑफ-सीझनला हेच फोटो एलएमएसमध्ये टाका. व्हिडिओ काढून टाका. मुलाला पट्टी दाखवा, ब्रिक्स दाखवा, ऊस कुठला ते सांगा आणि विचारा, काय करशील? त्याने उत्तर दिल्यावरच मामांचा आवाज ऐकू यावा. आणि एकाच बैठकीत सगळे प्रश्न नको, थोडे थोडे, दिवस सोडून. घेतलेलं सॉफ्टवेअर वाया जाणार नाही, म्हणजे ज्यांनी ते घेतलं त्यांनाही विरोध करायचं कारण उरणार नाही.

---

साखर-केमिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन पाळ्यांच्या मध्ये वाचलं आणि काही गोष्टी लगेच हलवल्या.

पॅनवरचा दादा, तुम्ही जे लिहिलंत ते मी चीफ केमिस्टसाहेबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. मामांशी रेकॉर्डिंगचा विषय काढायच्या आधी त्यांच्या कराराचा प्रस्ताव वर जाईल, तिघांचाही. हे होईपर्यंत मी पॅनवर फोन नेणार नाही. तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे यंदा मोळी पूजनाला तिन्ही पॅनमन सपत्नीक बसावेत अशी सूचना मी मांडली आहे.

शिकवते_मी ताई, तुमची पद्धत मी घेणार आहे, एक बदल करून. मुलगा आधी बोलेल हे ठीक, पण मामा शेजारी उभे असताना आमची पोरं तोंड उघडत नाहीत. मान राखतात म्हणा, भितात म्हणा. म्हणून मुलगा लॅबच्या खिडकीपाशी येऊन बोलेल, पट्टी घेऊन. पॅनपासून दहा पावलं आहे. फोटो तिथेच घेऊ, म्हणजे मायक्रोस्कोप वाफेत ठेवावा लागणार नाही आणि हिंजवडीकर म्हणतात ते लॅबचे आकडेही त्याच जागी फोटोला जोडता येतील. को ८६०३२ आणि को एम ०२६५ या उसाच्या दोन जातींच्या सिरपमध्ये मामांना फरक जाणवतो असं ते नेहमी म्हणतात. माझ्या आकड्यांत तो मला कधी नीट पकडता आलेला नाही. फोटो, जात आणि त्यांचं बोलणं एकत्र साठलं तर निदान तपासून बघता येईल, आणि हे मला स्वतःला फार दिवसांपासून हवं आहे.

तिघांच्या तीन पद्धती त्यांच्या त्यांच्या नावाने ठेवायच्या हे मला सगळ्यात जास्त आवडलं. दुसऱ्या पाळीचे पॅनमन स्लरी मामांपेक्षा किंचित आधी सोडतात, आणि गेली कित्येक वर्षं दोघांपैकी कुणीही माघार घेतलेली नाही. एसओपी लिहिताना आम्ही त्यातली मधली वेळ घेतली होती, जी दोघांपैकी कुणीच पाळत नाही. ते पान आता पुन्हा लिहायचं.

सीच्या बाबतीत मात्र कुणी काही सुचवलं नाही. जे काम तीन-चार हंगाम होतच नाही ते कसं टिकवायचं? मी असा विचार करतेय की बी-हेवीवर चालत असतानाही हंगामात काही ठरलेल्या स्ट्राइक सी-च्या घ्यायच्या, केवळ शिकण्यासाठी. मळी थोडी इकडे वळेल, इथेनॉलचे लोक कुरकुर करतील. पण धोरण पुन्हा बदललं आणि त्या दिवशी मामा नसले, तर काय होईल याचा हिशेब मी मांडून देणार आहे. कुणाच्या कारखान्यात असं करतात का?

---

पॅनवरचा

आम्ही करतो. हंगामाच्या सुरुवातीला नाही, मध्यावर, ऊस चांगला असताना. नवीन पोरगा चांगल्या मालावर शिकला पाहिजे, मग वाईट माल द्यायचा. इथेनॉलवाल्यांना आधी तारीख सांगून ठेवतो म्हणजे भांडण होत नाही.

आणि मॅडम, लॅबच्या खिडकीचं एक बघा. दहा पावलं चालेपर्यंत पट्टीवरचा नमुना गार होतो. गार झाला की त्यात बारीक दाणा सुटतो, जो पॅनमध्ये नाहीच. फोटोत फॉल्स ग्रेन दिसेल आणि पोरगा बिचारा खोटा ठरेल. सीच्या मालाला तर हमखास. पट्टी आधी कोमट करून घ्या, आणि फोटो पॅनपाशीच काढा, दिवा रोज त्याच जागी ठेवून. बोलायला खिडकीपाशी जाऊ द्या हवं तर.